भीमराजचं मिटलेलं तोंड

आमच्या कंपनीच्या बसमध्ये भीमराज ओव्हाळला सगळे शिष्ट म्हणायचे. निगडीहून चाकणला जाणारी ही सकाळची बस. माणसं चढता चढताच बोलायला लागतात. कुणाच्या मुलीचं ॲडमिशन, कुणाच्या गावाकडचं सोयाबीन, कुणाच्या सुपरवायझरचा उद्धार. भीमराज चढायचा, हात वर करून जयभीम करायचा, तोही नुसता हातानं, आणि मागच्या खिडकीशी बसून काचेकडे तोंड करायचा. तळवड्यापर्यंत काच, महाळुंग्यापर्यंत काच, कंपनीच्या गेटापर्यंत काच. बाहेर दिसायचं काय, तर ट्रकांच्या रांगा आणि धूळ. मी त्याच्या शेजारी बसायचो, कारण तीच एक जागा कायम रिकामी असायची. मी ज्योतीराम, औशाकडचा, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला आहे. मला गप्प बसवत नाही. मी बोलायचो आणि तो काचेला ‘हं’ म्हणायचा. त्याच्या बायकोला मी मनातल्या मनात हात जोडायचो.

खरं तर तोही आधी आमच्या प्रेस शॉपलाच होता. तिथे आवाज एवढा, की बोलायचं तर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. भीमराज कामाला वाघ. साहेबांनी त्याला टीम लीडर करायचं ठरवलं. टीम लीडर म्हणजे रोज सकाळी सगळ्यांसमोर मीटिंग आणि दिवसभर एकेकाच्या कानाशी लागून सांगणं. भीमराजनं नाही म्हटलं आणि वर पेंट शॉपला बदली मागून घेतली. पगार तोच, वर थिनरचा वास आणि अंगभर सूट. आम्ही म्हटलं, ह्याचं डोकं फिरलं. आता कळतं. पेंट शॉपमध्ये कामगार असो की मोठा साहेब, मास्क लावल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. तोंड झाकणं हा जिथं नियमच आहे, अशी जागा भीमराजनं शोधून काढली होती. त्यासाठी बढती गेली तरी चालेल म्हणाला.

कारण त्याच्या हिरड्या नासल्या होत्या. तिशी गाठायच्या आतच ब्रश केला की रक्त यायचं. अंगात उष्णता आहे, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. मग ब्रशनं रक्त येतं ना, तर ब्रशच बंद केला आणि बोटानं मीठ चोळायला लागला. डॉक्टरकडून दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. ते मात्र त्याला एका दमात पटलं. आपल्या लोकांना भीती घालणारा सल्ला कसा पटकन पटतो, विचारू नका. हिरड्या दातांना सोडत गेल्या, फटींत पू धरायला लागला आणि तोंडाला वास यायला लागला. एकदा धाकटा बुद्धरत्न मांडीवरून उठता उठता म्हणाला, “पप्पा, लांबून बोला ना.” पोर बोललं आणि खेळायला पळालं. त्या दिवसापासून भीमराज पोराशी लांबूनच बोलायला लागला.

बायको आम्रपाली या विषयावर कधी अवाक्षर बोलली नाही. डब्यात बडीशेपेची पुडी मात्र रोज न चुकता टाकायची. ती पुडी उघडताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, असं त्यानंच मला पुढे सांगितलं. बडीशेप झाली, लवंग झाली, शेवटी चूळ भरायचं ते हिरवं औषध आलं. आजार रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला, तशातली गत. अलीकडे जिना चढताना त्याचा डावा जबडा ठणकायचा. गाल धरून जिन्यातच उभा राहायचा. कुणी विचारलं तर ‘दाढ’ एवढंच सांगायचा.

एकाच ठिकाणी त्याचं तोंड उघडायचं. निगडीच्या ओटा स्कीम वस्तीत तो राहतो, तिथल्या विहारात रविवारची वंदना तोच सांगायचा. मी एकदा बुद्धरत्नच्या वाढदिवसाला गेलो होतो तेव्हा ऐकली. आवाज असा खणखणीत, की मी बघतच राहिलो. काचेला ‘हं’ म्हणणारा माणूस तो हाच का? तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, पण वंदना सांगणारा मूर्तीकडे तोंड करून बसतो. लोकांकडे त्याची पाठ असते.

आणि त्या लोकांत पहिल्या रांगेत त्याची आई असायची, चिमाबाई. भीमराजचा बाप पिंपरीतल्या एका कंपनीत चांगला पर्मनंट होता, पण दारूनं गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चिमाबाईनं पोराला मूर्तीपुढे बसवून पाचवं शील घ्यायला लावलं. दारूच्या थेंबाला शिवणार नाही. पोरगा तेव्हा मिसरूडही न फुटलेला. पुढे तिनं लोकांच्या सोसायट्यांचे जिने झाडून त्याला आयटीआय केलं. तिला सगळे ‘न पिणाऱ्याची आई’ म्हणून ओळखायचे आणि तिला त्याचा केवढा अभिमान! डोक्यावरचा पदर तोंडापुढे धरून ती हसायची.

तर एका सकाळी कंपनीत ऑडिट होतं. बाहेरचे लोक कॉन्फरन्स रूममध्ये एकेका ऑपरेटरला समोर बसवून प्रश्न विचारणार होते. तिथे कसला आलाय मास्क! भीमराज रात्रभर झोपला नव्हता. बस गेटाशी वळली तसं त्यानं खाली वाकून बाटलीतलं हिरवं औषध भरभरून तोंडात घेतलं, घोळवलं, खिडकीतून थुंकलं आणि खाली उतरला. मला वाटलं, बस लागली असेल.

गेटवर रंगराव उभा. आमचा सिक्युरिटीवाला. त्याच्या हातात दारू तपासायचं यंत्र, मनात येईल त्याला थांबवायचा. त्यानं भीमराजला थांबवलं ते खरं तर सोपा माणूस म्हणून. ह्याची काय भानगड निघणार!

“मार फुंकर, ओव्हाळ. तुला काय घाबरायचंय?”

फुंकर मारली आणि यंत्र बोंबललं. लाल दिवा लागला. मागची रांग हसली. “आयला, गोगलगाय अन् पोटात पाय!” कुणीतरी म्हणालं. रंगराव स्वतःच गोंधळला. त्या औषधात अल्कोहोल असतं, तोंडात थोडा वेळ राहतं आणि जातं. एवढं सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. ऑफिसातल्या साहेबांनीही विचारलं, “ओव्हाळ, तुम्ही? जरा वेळ बसा, आपण परत टेस्ट घेऊ.”

आणि भीमराज म्हणाला, “नको साहेब. घेतली होती.”

परत टेस्ट घेतली असती तर यंत्र गप्प राहिलं असतं, आणि मग साहेबांनी विचारलं असतं, मघाशी कशानं वाजलं? त्याचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून ह्या माणसानं, ज्यानं आयुष्यात दारू जिभेला लावली नाही, बेवडा म्हणून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकायला त्यानं आईची अब्रू घेतली, ते त्या घडीला त्याच्या डोक्यातच आलं नाही. साहेबांनी लेखी माफी घेतली आणि काही दिवस घरी बसवलं.

बातमी बसमधल्यांनी फोनवरून त्याच्याआधी ओटा स्कीमला पोचवली. चिमाबाई ओरडली नाही, रडली नाही. रविवारी विहारात गेली आणि पहिल्या रांगेत न बसता मागे चपलांशेजारी बसली. विहाराचे जुने कार्यकर्ते दत्तोबा, त्यांना तिनंच सांगितलं, “माझ्या ल्योकाला पुढं बसवू नगा.” भीमराज घरात भिंतीला टेकून बसला होता. तरीही बोलला नाही.

मला बाटली सापडली ती त्यानंतर. त्या सकाळी बसमध्ये त्याच्या पायाशी पडून सीटखाली अडकली होती. मी वरचं वाचलं, वास घेतला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ह्या काचेशेजारी बसलो मी! संध्याकाळी बसमधून उतरलो तो थेट त्याच्या घरी. जिना चढून दारात गेलो तर चिमाबाई तिथेच बसलेली. “या भाऊ,” ती म्हणाली. “लोकांनी यावं असं काय ऱ्हायलं न्हाई आमच्या घरात, पन या.”

मी आत जाऊन बाटली भीमराजच्या पुढ्यात ठेवली.

“ही रं कसली बाटली?” चिमाबाई ताडकन उठली. “आता घरात बी आणाय लागला?”

“काकू, ही दारू न्हाई,” मी म्हणालो. “चूळ भरायचं औषध हाय. हेच वाजलं त्या मशीनवर. ह्यानं त्या दिवशी एक थेंब घेतला नव्हता. खोटं बोलला हा.”

भीमराजनं बाटली झटकन उचलून पाठीमागे लपवली. लहान पोरासारखी. आम्रपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ओढणीचं टोक चावलं.

“असं खोटं कोन बोलतं रं?” चिमाबाईला कळेना. “चांगल्या मान्सानं वाईट म्हणून का सांगावं?”

भीमराज मान खाली घालून बोलला. “आये, दारू पितो म्हटलं की लोक शिव्या देतात. तोंडाला वास येतो म्हटलं की उठून लांब बसतात.”

चिमाबाई त्याच्यासमोर येऊन मांडी घालून बसली.

“तोंड उघड.”

“नको आये.”

“उघड म्हन्ते ना.”

चाळीस ओलांडलेला बाप्या आईपुढे तोंड उघडून बसला. आम्रपालीनं मोबाईलची बॅटरी धरली. चिमाबाईनं बोटानं त्याचा ओठ वर केला आणि बराच वेळ बघत राहिली. वास माझ्यापर्यंत आला. मी अर्धं पाऊल मागे सरकलो, खोटं कशाला सांगू. भीमराजचे डोळे तेवढ्यात माझ्या पायांकडे गेले. मला धरणी दुभंगावी असं झालं.

“लहान व्हतास तवा दाढ दुखती म्हनून रडायचास,” चिमाबाई बोट पदराला पुसत म्हणाली. “मी चिमूटभर मिशरी लावायची अन् निजवायची. दवाखान्यात न्ह्यायचं म्हंजी खाडा पडायचा.” मग म्हणाली, “उद्या जायचं. मी येते संगं.”

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं पिंपरीला महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. लिफ्टला गर्दी होती म्हणून जिन्यानं निघालो. मधल्या वळणावर भीमराज थांबला. डावा गाल हातात, कपाळावर घामाचे थेंब. “दाढ,” तो म्हणाला. चिमाबाई त्याच्या खालच्या पायरीवर थांबून राहिली. ठणका थांबल्यावर पुढे निघालो.

दातांच्या डॉक्टर योगिनी मॅडम, वयानं तरुण. त्यांनी नाकाला हात लावला नाही की तोंड वाकडं केलं नाही. त्यांनी सुईसारख्या हत्यारानं हिरडीची फट मोजली. प्रत्येक दातामागून रक्त आलं. मग डावीकडच्या दाढांवर एकेक करून टकटक केलं.

“दुखलं?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.”

“चावताना दुखते? थंड पाण्यानं?”

“नाही मॅडम. जिना चढलो की दुखते. थांबलो की जाते.”

मॅडमनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. “दाढेला जिना कळत नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या. “छातीत जड वाटतं तेव्हा?”

“थोडं. ॲसिडिटी आहे.”

मॅडमनी व्हीलचेअर मागवली. भीमराज घाबरला, पण कशाला? “मॅडम, मी चालत जातो. लोक बघतील.” जिवावर बेतायची वेळ आली तरी ह्याला लोकांचीच पडलेली! मी त्याला खांदा धरून खुर्चीत बसवला. मॅडम स्वतः बरोबर खाली आल्या.

ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, मग अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त देणारी एक धमनी पार अरुंद झालेली, बाकीच्यांतही थर धरलेला. अशा वयात असं सहसा दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जबड्याचा ठणका हृदयाचा होता. दाढेच्या नावाखाली तो कित्येक महिने जिने चढत होता आणि वासाच्या लाजेनं दाढही कुणाला दाखवत नव्हता. धमनीत स्टेंट बसवला तेव्हा कुठे चिमाबाईनं पाण्याचा घोट घेतला.

हृदयाच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी आम्हाला नीट समजावलं. हिरड्यांची सूज हिरड्यांपुरती राहत नाही. तिथले जंतू रक्तात उतरतात, सूज अंगभर धुमसत राहते आणि धमन्यांच्या आतल्या अस्तरालाही तिची झळ लागू शकते. ज्यांच्या हिरड्या अशा नासलेल्या, त्यांच्या धमन्या लवकर खराब झालेल्या जास्त बघायला मिळतात.

“म्हणजे हे दातांमुळंच झालं?” मी विचारलं.

“तसं छातीठोक सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “ह्यांचं बीपी वाढलेलं आहे, तेही कधी तपासलेलं नाही. हिरड्या बऱ्या केल्या म्हणजे हृदयाचं भय संपलं, असंही नाही. पण हे दोन आजार बरोबरीनं चालतात. आणि हिरड्या बऱ्या होण्यासारख्या होत्या. रक्त कधीपासून येतंय?”

“बारा-चौदा वर्षं असतील,” भीमराज म्हणाला.

“मग दाखवलं का नाहीत?”

चिमाबाई म्हणाली, “लाज वाटली त्याला, सायेब.”

डॉक्टरांनी मान हलवली. लाजेवर गोळी नसते.

स्टेंटमुळे चालू केलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायच्या नव्हत्या, म्हणून दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून हिरड्यांचं काम थोडं थोडं करत नेलं. दात काही हलून पडले नाहीत. उलट हिरड्या घट्ट झाल्या. एकदा त्याचं आटोपल्यावर योगिनी मॅडम चिमाबाईला म्हणाल्या, “आजी, तुम्ही पण बसा खुर्चीत. बघू या.” चिमाबाईनं पदर तोंडापुढे घट्ट धरला. “माझं काय बघता म्हातारीचं!” म्हणाली आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसली.

भीमराज कामावर परतला त्या सकाळी रंगराव गेटवर होताच. “या ओव्हाळ,” तो म्हणाला. “आज काय, कोरडे?” रांग हसायच्या तयारीत होती.

भीमराज थांबला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या. “रंगराव, त्या दिवशी दारू नव्हती,” तो म्हणाला. विहारातलाच आवाज. “माझ्या हिरड्यांत पू झाला होता. तोंडाला घाण वास यायचा. म्हणून औषधानं चूळ भरली होती.”

कुणी हसलं नाही. सगळे आपापले बूट बघायला लागले. “मग तेव्हाच सांगायचं ना राव,” रंगराव पुटपुटला. “परत घेतली असती टेस्ट.” त्यानं यंत्र पाठीमागे धरलं. भीमराज म्हणाला, “नाही, घ्या,” आणि पुढे वाकून फुंकर मारली. यंत्र गप्प राहिलं. तो आत गेला. मला वाटलं होतं, आता मोकळा होईल. पण पेंट शॉपचा मास्क त्यानं त्या दिवशी बसमधून उतरतानाच लावला होता, तो गेटवर बोलण्यापुरताच खाली केला.

मोकळा झाला तो पुढच्या आठवड्यात, आणि तोही धड नाहीच. बसमध्ये खिडकीशी बसला आणि काचेकडे न बघता माझ्याकडे वळला. मास्क खिशात होता. म्हणाला, “ज्योतीराम, काल आईला दातांच्या दवाखान्यात न्यायला निघालो होतो. येईना. मग मी तिच्यापुढे मांडी घालून बसलो. म्हटलं, तू माझं तोंड उघडलंस ना, आता तुझं.”

“मग?”

“लई वेळ पदर सोडेना. म्हणाली, तुला बघवायचं न्हाई. मग सोडला. खालचे पुढचे चार उरलेत, तेही हलतात. वर काहीच नाही. माझ्यासारखंच होतं रे तिला, माझ्या आधीपासून. किती वर्षं पदर धरून बोलते, मला वाटायचं रीत आहे जुनी. मी माझं तोंड लपवण्यात एवढा गुंतलो, तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.”

बस तळवड्याच्या चौकात थांबली होती.

“भाकरी मोडली की कडेची कडक भाकरी ती कायम माझ्या ताटात टाकायची,” भीमराज म्हणाला. “लहानपणापासून. अजून टाकते. मला वाटायचं, लाडानं टाकते.”